मातीचा नमुना पिकासाठी घेता, गांडुळासाठी कधी घेणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

५ डिसेंबरच्या जागतिक मृदा दिनानिमित्त आपल्या अंकात माती परीक्षणाचे आवाहन आले. सोबत नमुना कसा घ्यावा याची चौकटही होती. चौकटीतले पहिलेच वाक्य असे, की जमिनीवरचा पालापाचोळा, काडीकचरा हाताने बाजूला सारावा आणि मग खड्डा घ्यावा. यात चूक काही नाही. वर्षानुवर्षे सगळीकडे हेच छापलेले असते आणि मीही वर्षानुवर्षे तसेच करत आले. माझी तक्रार आहे ती त्या बाजूला सारलेल्या पाल्याबद्दल आणि त्याच्याखालच्या चार बोटे मातीबद्दल. तिथे साठणाऱ्या फवाऱ्याच्या तांब्याची आणि तिथल्या गांडुळांची चौकशी कोणी करत नाही.

मी निफाड तालुक्यातली. तीन एकर थॉमसन द्राक्षे आहेत. पहिली लागण १९९४ ची. मध्ये एकदा जुनी खोडे उपटून डॉगरिजच्या खुंटावर बाग पुन्हा उभी केली, जमीन मात्र तीच. हे गेले त्याला अकरा वर्षे झाली, तेव्हापासून छाटणी, विरळणी, औषधांचे ड्रम सगळे माझ्याकडे. बोर्डो, म्हणजे मोरचूद या तांब्याच्या क्षाराचे आणि चुन्याचे बुरशीनाशक, करायचे काम मी कोणाच्या हाती देत नाही. रात्री मोरचूद फडक्यात बांधून प्लॅस्टिकच्या ड्रमात लोंबता सोडायचा, दुसऱ्या ड्रमात चुना विझवायचा आणि सकाळी दोन्हींची धार एकदमच तिसऱ्या ड्रमात धरायची. मग विळ्याचे पाते घासून त्या निळ्या पाण्यात थोडा वेळ बुडवायचे. पात्यावर तांबूस रंग चढला तर चुना कमी पडला, अजून घाला. ही विळ्याची खूण मला सासऱ्यांनी शिकवली. बोर्डो सोडा असे सांगायला मी हे पत्र लिहीत नाही, हे आधीच सांगते. फळासाठीच्या गोडी छाटणीनंतर कोवळी फूट निघालेली असताना परतीचा पाऊस बागेत शिरला की डाऊनीची बुरशी काय करते, हे ज्याने पाहिले आहे तो असले काही बोलणार नाही.

विळ्यावर चढलेले तांबे दिसते तरी. जमिनीत उतरलेले कुठे दिसणार? मला दुकानाच्या पावत्या ठेवायची सवय आहे. मेळ घातला तर मोरचूद वर्षाला एकरी १४ किलोच्या आसपास जातो. त्यातला चौथा हिस्सा तांबे, म्हणजे साडेतीन किलो. कॉपर ऑक्सिक्लोराइड या तांब्याच्या दुसऱ्या औषधाचे पुडे यात धरलेले नाहीत. युरोपात २०१९ पासून तांब्याला ७ वर्षांत हेक्टरी २८ किलोची मर्यादा आहे, म्हणजे सरासरी वर्षाला एकरी १.६ किलो. माझे त्याच्या दुपटीहून जास्त झाले. तांबे कुजत नाही, हवेत उडून जात नाही. आमच्या काळ्या, चुनखडीच्या मातीत ते फारसे खाली झिरपतही नाही, चिकणमातीला आणि कुजलेल्या पाल्याला धरून वरच बसते. तीस वर्षांचे धरले तर एकरी १०५ किलो.

आता खोलीचा हिशेब बघा. एक एकरातली वरची ५ सेंटिमीटर माती भरते साधारण अडीचशे टन. फूटभर खोल धरली तर दीड हजार टन. १०५ किलो तांबे सगळे वरच्या थरात बसले असेल तर मातीच्या किलोमागे ४२० मिलिग्रॅम होते. फूटभर मातीत सारखे मिसळले तर ७०. शेत तेच, तांबे तेवढेच, खुरपे किती खोल घातले एवढाच काय तो फरक. माझ्या बागेत रोटाव्हेटर फिरतो, छाटणीची काडी बाहेर जाते, थोडा फवारा वाऱ्याने शेजाऱ्याकडे जातो. तेव्हा ४२० हा माझ्या जमिनीचा आकडा आहे असे मी म्हणत नाही, तो कागदावरचा हिशेब आहे. खरा आकडा कळायला त्या थराचा वेगळा नमुना घ्यावा लागतो, आणि तो कोणी घेत नाही. युरोपात फवारलेल्या औषधाचे मातीतले प्रमाण काढताना वरचा ५ सेंटिमीटर थर धरतात, नांगरून मिसळले असेल तरच २०. आपल्याकडे सरसकट वीतभर किंवा फूटभर.

माझ्या कपाटात माती तपासणीचे सहा अहवाल आहेत. शेवटच्या अहवालात तांब्यापुढे आकडा आहे ९.८ (किलोमागे मिलिग्रॅम) आणि शेरा आहे ‘पुरेसे’. मी तपासणाऱ्या साहेबांना विचारले, हे जास्त नाही का? ते म्हणाले, ‘काकू, ०.२ च्या वर असलं म्हणजे झालं. कमतरता नाही, काळजी करू नका.’ त्यांचे काही चुकले असे मी म्हणणार नाही, म्हणून प्रयोगशाळेचे नावही लिहीत नाही. त्यांच्या तक्त्यात तांब्याला खालची रेघ आहे, वरची रेघच नाही. पिकाला घेता येईल एवढाच भाग मोजणारी ही डीटीपीए पद्धत लिंडसे आणि नॉर्व्हेल या दोन शास्त्रज्ञांनी १९७८ साली मांडली, ती चुनखडीच्या जमिनीत जस्त, लोह, मँगेनीज, तांबे पिकाला कमी पडते का हे बघायला. भुकेचे माप आहे ते. अजीर्णासाठी त्याच मापाने मोजायला गेलो तर ‘पोट भरलेले आहे’ एवढेच उत्तर येणार. मृदा आरोग्य पत्रिकेचेही तेच. २०१५ च्या फेब्रुवारीत राजस्थानातल्या सुरतगढला ही योजना सुरू झाली, पत्रिकेवर बारा घटक आले, त्यात तांबे आहे, पण तेही खत किती घालायचे याच्याच हिशेबाने. सुरुवातीच्या फेऱ्यांत तर बागायतीला अडीच हेक्टरांमागे एक नमुना होता. म्हणजे माझी द्राक्षे आणि शेजारचा कांदा एकाच पिशवीत.

गांडुळांकडे माझे लक्ष गेले ते लेकीमुळे. ती प्राणिशास्त्रात एम. एस्सी. करते. गेल्या श्रावणात घरी आली तेव्हा बागेत बसून बराच वेळ खुरप्याने बोद, म्हणजे वेलींच्या ओळीचा उंचवटा, उकरत होती. मी म्हटले, काय शोधतेस? म्हणाली, ‘आई, तुझ्या बोदावर गांडुळाची विष्ठाच दिसत नाही. बांधावर बघ किती आहे.’ बघितले तर खरेच. बांधावरच्या लिंबाखाली शेवयांसारख्या मातीच्या गुंडाळ्या ठिकठिकाणी, आणि आत ठिबकच्या नळीखाली ओल असूनही माती सपाट. आमच्या आजीच्या तोंडी गांडुळाला काडू हा शब्द होता. पावसाळ्यात काडू वर आले की ती अनवाणी शेतात पाय टाकायला कुरकुर करायची. मला आठवतच नाही, बागेत काडू शेवटचे कधी पाहिले ते. बाग हिरवी असली, घड भरले की खाली कोण आहे आणि कोण गेले याची चौकशी आपण करत नाही.

मग तिने घरातच एक प्रयोग लावला. असे प्रयोग करायची जगभर ठरलेली रीत आहे म्हणे, आम्ही त्याची घरगुती नक्कल केली. मिठाईचे पाच प्लॅस्टिकचे डबे घेतले, मध्ये पुठ्ठा उभा केला, एका बाजूला बोदावरची वरची दोन इंच माती, दुसऱ्या बाजूला बांधावरची. ओल दोन्हीकडे सारखी, मुठीत धरली तर गोळा व्हावा इतकी. मग पुठ्ठा उपसून त्या रेघेवर गांडूळखताच्या बेडातली दहा-दहा मोठी गांडुळे सोडली. झाकणाला दाभणाने भोके पाडली आणि डबे दोन दिवस पलंगाखाली ठेवले. ४८ तासांनी पुठ्ठा पुन्हा त्याच रेघेवर खुपसायचा आणि कुठल्या बाजूला किती आहेत ते मोजायचे. पन्नासपैकी अकरा माझ्या मातीत निघाली, एकोणचाळीस बांधाच्या. मग मी हट्टाने तोच खेळ फूटभर खालची माती घेऊन पुन्हा लावायला सांगितला. या वेळी तेवीस आणि सत्तावीस. त्या फूटभर मातीत वरची मिसळून पिशवी भरली असती, तर ती अकराची गोष्ट कोणाला कळली असती?

लेकीने मला बजावले आहे, की हे तांब्यामुळेच झाले असे पेपरात लिहू नकोस. बांधावरची माती पाल्याने मऊ झालेली आहे, तिकडे खायला जास्त आहे, माझ्या बोदात तीस वर्षांची इतरही औषधे आहेत. शिवाय खताच्या बेडातले गांडूळ, ते आयसेनिया फेटिडा, शेणात आणि कुजलेल्या पाल्यात राहणारे. शेताच्या मातीतले ते नव्हेच. तरी जगभर विषाची प्रमाणित चाचणी त्याच्यावरच घेतात, कारण ते घरी वाढवता येते. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेची १९८४ ची चाचणी १४ दिवसांत किती मेली ते मोजते. पुढे २००४ मध्ये दुसरी आली ५६ दिवसांची. त्यात मोठी गांडुळे चार आठवड्यांनी काढून घेतात आणि मागे राहिलेल्या अंड्यांच्या कोषांतून किती पिल्ले निघाली ते आणखी चार आठवड्यांनी मोजतात. मला ही दुसरी जास्त पटली. विष सौम्य असले तर गांडूळ मरत नाही, त्याचा वंश आटतो. आणि शेतातून काडू नाहीसे होतात ते एका दिवसात कधीच नसते.

बागेतली खरी गांडुळे मोजायला आम्ही भाद्रपदात मोहरीचे पाणी केले. घरची मोहरी मिक्सरला बारीक करून पाण्यात कालवली. लाकडाची दीड-पावणेदोन फुटी चौकट जमिनीवर ठेवून आतले गवत कात्रीने कापले आणि झारीने सावकाश पाणी सोडले. तिखट लागले की खालची गांडुळे पाच-दहा मिनिटांत वर येतात. लगेच स्वच्छ पाण्यात टाकायची, नाही तर कातडी भाजते. बांधावर सोळा आली, दोन ओळींमधल्या गवतात सात, बोदावर एक. ते एकही इतके बारके, की गवताचे मूळ समजून मी टाकून देणार होते. एका बागेतले एका सकाळचे हे आकडे आहेत, त्यावर कोणी तालुक्याचे अनुमान काढू नये. पण दोन ओळींमधल्या आणि बोदावरच्या जमिनीत एवढा फरक पडत असेल, तर दोन्हीकडची माती एका घमेल्यात कालवून, चार भाग करून, समोरासमोरचे दोन टाकून अर्धा किलो पिशवीत भरायची ही रीत या कामाला चालायची नाही. खताची मात्रा ठरवायला सरासरी ठीक असते. गांडूळ सरासरी मातीत राहत नाही. ते बोदावर तरी असते, नाही तर बोद सोडून गेलेले तरी असते.

फळबागेचा नमुना घेताना फूटभर, दोन फूट, तीन फूट असे थर वेगळे ठेवायला सांगतात, म्हणजे थराचे महत्त्व आपल्याला ठाऊक नाही असे नाही. फक्त तिथे मोजमाप मुळांचे आहे. गांडुळाच्या हिशेबाने पहिला फूटच तीन मजल्यांचा आहे. काही जाती पाल्यातच राहतात, काही वीतभर मातीत आडवी बिळे करतात, काही खोल उभ्या बिळात राहून रात्री पाला ओढायला वर येतात. पाल्यातल्या किड्यांना काय भोगावे लागते हे बघायचे तर पालाच तपासला पाहिजे. तांब्याचा फवारा पहिला बसतो त्या पानांवर, आणि तीच पाने गळून खाली येतात. आपण नेमकी तीच हाताने बाजूला सारतो.

वेळेचेही तसेच. आपले नमुने निघतात एप्रिल-मेमध्ये, शेत मोकळे असताना. तेव्हा जमिनीला भेगा असतात आणि गांडुळे खोल जाऊन गुंडाळी करून पडलेली असतात. त्यांना बघायचे तर पावसाळ्यात, वापसा आल्यावर. नमुना नेल्यावर तो सावलीत वाळवतात, लाकडी हातोडीने फोडतात, २ मिलिमीटरच्या चाळणीतून गाळतात. तांबे मोजायला हे बरोबरच आहे. पण त्या मातीत जिवंत काय होते हे पाहायचे असेल तर ती ओलीच, थंड जागी ठेवून एक-दोन दिवसांत न्यावी लागते. म्हणजे पिशव्याच दोन लागतील, एक वाळवायची आणि एक जपायची.

आणखी एक गोष्ट मला उशिरा कळली. आपली काळी माती बेसाल्टच्या दगडातून झालेली, आणि बेसाल्टमध्ये तांबे मुळातच ग्रॅनाइटपेक्षा जास्त असते. म्हणून परदेशातली मर्यादा उचलून आमच्या अहवालावर चिकटवली तर न फवारलेले गायरानसुद्धा दोषी ठरायचे. यावर उपाय साधा आहे. जवळच्याच, कधी न फवारलेल्या पण तशाच मातीच्या माळावरचा नमुना सोबत घ्यायचा आणि फरक बघायचा. शिवाय आमच्या मातीत चुनखडी आणि चिकण भरपूर, ती तांब्याला बांधून ठेवते. जुने, मुरलेले तांबे नव्याने मिसळलेल्याइतके जहाल नसते असेही लेक सांगते. म्हणजे आकडा मोठा येऊनही गांडुळे सुखात असतील, असेही होऊ शकते. झाले तर मला आनंदच आहे. पण ते कळणार गांडुळांना विचारल्यावर.

डेन्मार्कमध्ये ह्युगुम म्हणून जागा आहे. तिथे १९११ ते १९२४ या काळात लाकूड टिकवण्यासाठी मोरचूद वापरत. कारखाना बंद झाला, तिथे शेती झाली, कुरण झाले. सत्तर-ऐंशी वर्षांनी शास्त्रज्ञ गेले तेव्हाही तांबे तिथेच होते. त्यांनी सगळ्या शेताची माती एकत्र कालवली नाही. जिथे तांबे सर्वांत दाट होते तिथून बाहेर बाहेर जात ठरावीक अंतरावर नमुने घेतले आणि प्रत्येक ठिकाणचे जीवही मोजले. कुठल्या पट्ट्यात गांडुळे नाहीत आणि कुठून पुढे दिसू लागतात, ते तिथे जमिनीवरच वाचता येते. आपल्याकडे अशी प्रयोगाची जमीन शोधायला लांब जायला नको. पाच वर्षांची, पंधरा वर्षांची, तीस वर्षांची बाग आणि शेजारी कधी द्राक्ष न लागलेले रान, हे सगळे निफाड-दिंडोरीत एका दिवसाच्या फेरीत सापडते. सांगलीकडे तासगावातही सापडेल.

आणि आम्हाला नमुना घेता येत नाही असे कोणी म्हणू नये. २०१० साली क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाच्या अवशेषांवरून युरोपात आमच्या द्राक्षांचे कंटेनर अडकले, तेव्हा गावागावात लोकांच्या तोंडचे पाणी पळाले होते. आज निर्यातीच्या बागेला नोंदणी क्रमांक असतो, प्रयोगशाळेचा माणूस स्वतः येऊन घड निवडतो, पिशवीला सील लागते. हे सगळे आम्ही शिकलो, कारण तिकडच्या माणसाच्या पोटात काय जाते याची चौकशी तिकडून झाली. घडाखालच्या मातीत कोणाच्या पोटात काय जाते याची चौकशी करायला कोणी गिऱ्हाईक नाही, एवढेच.

म्हणून माझी मागणी फार मोठी नाही. कृषी विभागाने, राहुरीच्या विद्यापीठाने आणि मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राने मिळून जुन्या द्राक्षबागांपुरता तरी वेगळा नमुना सुरू करावा. बोदावरचा पाला वेगळा, त्याखालची ५ सेंटिमीटर माती वेगळी, पुढची वीतभर वेगळी. दोन ओळींमधला वेगळा आणि माळावरचा एक. पावसाळ्यात घ्यावा, सोबत चौकटीतली गांडुळे मोजावीत. तांबे पूर्ण किती आणि सुटे किती, दोन्ही सांगावे. अहवालात ‘पुरेसे’ या शब्दापुढे आणखी एक रकाना ठेवावा, रिकामा राहिला तरी चालेल. खर्चाचा प्रश्न निघेल हे मला माहीत आहे. पाच पिशव्यांचे पैसे मी माझ्या बागेपुरते भरायला तयार आहे. तपासून देणारा पाहिजे.

घड जीएच्या (जिबरेलिक अ‍ॅसिडच्या) द्रावणात बुडवायचे काम परवाच उरकले, आता महिनाभर जरा श्वास आहे म्हणून एवढे लांब पत्र लिहिले. आपण काटछाट केली तरी चालेल, मोहरीची कृती मात्र ठेवा, कोणाला करून बघता येईल. आणि खात्यातून कोणी नमुना घ्यायला येणार असेल तर गोडी छाटणीच्या आधी, भाद्रपदात या. बोदावरचा पाला मी झाडून ठेवणार नाही.

आपली,
निफाड तालुक्यातील एक द्राक्ष बागायतदार
(नाव व पत्ता संपादकांकडे)